पोपच्या जुन्या फर्मानांवर अमेरिकेतली जमीन अजून उभी आहे म्हणे. खरं आहे का?

पापडीकर

मंडळी, एक शंका. आमच्या वसईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मार्च २०२३ ची बातमी पुन्हा फिरतेय, की व्हॅटिकनने 'डॉक्ट्रिन ऑफ डिस्कव्हरी' झिडकारली. म्हणजे ख्रिस्ती राजाच्या जहाजाने किनारा गाठला की तिथली जमीन त्या राजाची, हा सिद्धांत. गटात लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, चर्चने कबूल केलं, विषय संपला. दुसऱ्याचं, पाचशे वर्षं झोपला होतात काय? त्यात चुलतभावाने काडी टाकली की पोपच्या १४५५ च्या फर्मानावरच पोर्तुगीज आपल्याकडे आले, तेव्हा हे आपल्या बापजाद्यांच्या वाडीबद्दलही आहे.

मला दोनच गोष्टी हव्यात. रोमने हात झटकल्यावर तिकडच्या मूळ लोकांना काय मिळालं, एक एकर तरी? आणि वसईचा याच्याशी खरंच संबंध आहे का? वाचून लिहिणाऱ्यांनीच लिहा. ऐकीव माहिती घरात भरपूर आहे.

जुना वाचक

एकट्या चर्चला धरू नका. तिसऱ्या पॉल पोपने १५३७ मध्येच 'सुब्लिमिस देउस' काढून बजावलं होतं की अमेरिकेतले 'इंडियन', म्हणजे तिथले मूळ लोक, ख्रिस्ती नसले तरी त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता हिरावायची नाही. राजांनी ऐकलं नाही, त्याला रोम काय करणार?

सुनंदा, सिरॅक्यूज

जुना वाचक, १५३७ चं खरं. पण पाचव्या निकोलसची १४५२ आणि १४५५ ची फर्मानं पोर्तुगालच्या राजाला मूर्तिपूजकांचा मुलूख जिंकून त्यांना कायमचं गुलाम करायची मोकळीक देतात. १४९३ मध्ये सहाव्या अलेक्झांडरने स्पेनला तसंच आंदण दिलं. हे राजांनी चोरून लिहून घेतलं नव्हतं.

आता पापडीकरांचा प्रश्न. मी न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजला राहते आणि एका वकिलाच्या ऑफिसात घरांच्या खरेदीविक्रीसाठी टायटल तपासते. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार काढतात ना, तसं इकडे 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' नावाचं बाड असतं. कोणी कोणाला विकलं, गहाण किती, वारस कोण, सगळं एकाखाली एक. रोजच्या कामाला चाळीसेक वर्षं मागे गेलं की भागतं. पण जुन्या शेतजमिनीचं जाड बाड हातात पडलं की मी हटकून पहिलं पान उघडते. तिथे बहुधा १७९० च्या आसपासची नोंद असते: न्यूयॉर्क राज्याने क्रांतियुद्धातल्या अमुक शिपायाला ६०० एकरांचा तुकडा बहाल केला. राज्याकडे तो तुकडा आला कुठून, हे बाड सांगत नाही. मुळात तो ओनोंडागा आणि त्यांच्या शेजारच्या कायुगा या मूळ लोकांचा मुलूख. त्यावर वसवलेल्या गावांची नावं मात्र सिसेरो, पॉम्पी, टली. ज्या कारकुनाने हे बारसं केलं त्याला रोमन इतिहासाचं फारच वेड असावं.

ते नसलेलं पान १८२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भरून दिलं. जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश. दोन्ही पक्ष गोरे. एकाच्या पूर्वजाने इलिनॉयकडची जमीन पियान्केशॉ लोकांकडून घेतलेली, दुसऱ्याने सरकारकडून. सरन्यायाधीश जॉन मार्शल म्हणाले, ज्या युरोपीय सत्तेने मुलूख 'शोधला' तिची मालकी. मूळ लोकांना फक्त वहिवाट, आणि विकायचं तर त्या सत्तेलाच. एकही मूळ माणूस कोर्टात पक्षकार नव्हता.

पण मार्शल पोपवर विसंबलेच नव्हते! स्पेननेसुद्धा आपला हक्क नुसता पोपच्या दानावर टेकवला नव्हता, असं ते निकालात सांगतात. त्यांचा आधार इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने १४९६ मध्ये जॉन कॅबटला दिलेली सनद: ख्रिस्ती लोकांना तोवर ठाऊक नसलेले देश हुडका आणि राजाच्या नावाने ताब्यात घ्या. तर्क तोच, शिक्का राजाचा. त्यामुळे रोमने काहीही म्हटलं तरी वॉशिंग्टनमधली खुंटी हलत नाही. शिवाय २०२३ च्या निवेदनाने ती फर्मानं रद्द केली नाहीत. हा सिद्धांत चर्चची शिकवण कधी नव्हताच आणि वसाहतवाल्यांनी फर्मानं राजकारणासाठी वापरली, असं त्यात आहे. मला ही पळवाट वाटते. जुन्या वाचकांना वाटणार नाही, ठीक आहे.

बरं, हे जुनं प्रकरण म्हणावं तर तेही नाही. ओनायडा या इथल्याच मूळ लोकांनी आपल्याच जुन्या मुलखातले तुकडे १९९७-९८ मध्ये बाजारभावाने परत विकत घेतले आणि शेरिल गावाला मालमत्ता कर देणार नाही म्हणाले. मार्च २००५ मध्ये ते सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक असे हरले. निकाल स्त्रीहक्कांसाठी गाजलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचा, ज्यांच्या चित्राचे मग घेऊन इथल्या बायका मोर्चाला जातात. त्या निकालाची पहिलीच तळटीप उघडा. 'डॉक्ट्रिन ऑफ डिस्कव्हरी' नाव घेऊन लिहिलेली आहे.

ओनोंडागांनी त्याच महिन्यात दावा लावला होता. कोणाला घराबाहेर काढा, अशी मागणी नव्हती. मालकी आमची होती हे जाहीर करा आणि ओनोंडागा तळं साफ करा, एवढंच. ओनोंडागा, ओनायडा, कायुगा धरून पाच मूळ राष्ट्रांनी शस्त्रं टाकून एकत्र यायचं ठरवलं ते याच तळ्याकाठी, म्हणून त्यांना ते पवित्र. कारखान्यांनी त्यात पारा सोडला. पोहायला १९४० पासून बंदी आली, १९७० मध्ये मासेमारीही थांबली. २०१० मध्ये कोर्टाने दावा फेटाळला: फार उशीर झाला, आता लोकांची घडी विस्कटेल. आधी यायचं तर कुठे यायचं होतं? १९७४ पर्यंत असल्या दाव्यांना संघराज्याच्या कोर्टाचं दारच उघडं नव्हतं.

वसईचं थोडक्यात. त्या फर्मानांनी पोर्तुगालला इतर युरोपीयांपुढे 'पूर्व आमची' म्हणता आलं आणि चर्चचा कारभार हातात मिळाला. पण वसई घ्यायला १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाशी तह करावा लागला. इथे मालक आहे, हे त्यांना मान्य करावंच लागलं. सिरॅक्यूजला तेवढंही लागलं नाही. चुलतभावाला पन्नास टक्के मार्क द्या.

पापडीकर

ताई, दंडवत. पण ओनोंडागांनीही करार करून जमीन विकलीच होती ना? आणि एकराचं राहिलं.

सुनंदा, सिरॅक्यूज

करार आहेत. पहिला १७८८ चा. १७९० मध्ये कायदा झाला की संघराज्याच्या संमतीशिवाय राज्यांनी मूळ लोकांची जमीन घ्यायची नाही. न्यूयॉर्कने त्यानंतरही १७९३, १७९५, १८१७, १८२२ असे कागद करत नेले. उद्या माझ्याकडे असा व्यवहार आला तर मी फाइल परत पाठवेन.

एकर मिळाले. हजाराच्या वर, टली खोऱ्यात, ओनोंडागा ओढ्याच्या उगमाकडे. २०२२ मध्ये जाहीर झालं, २०२४ मध्ये नावावर चढलं. पण ते तळ्याच्या प्रदूषणाच्या नुकसानभरपाईत बसवलेले आहेत, सिद्धांत रद्द झाला म्हणून नव्हे. त्यांचा दावा पंचवीसेक लाख एकरांवर होता. ओढ्याच्या वरच्या भागात पाणी निवळशंख आहे आणि ब्रूक ट्राउट मासा टिकून आहे. खाली उतरलं की जमिनीतून चिखलाचे बुडबुडे येतात आणि तेच पाणी कॉफीच्या रंगाचं होतं. पूर्वी या खोऱ्यातून मीठ काढायला पाणी जिरवत, त्याचा यात हात असल्याचं मानतात.

वकीलसाहेब, नागपूर

ऑस्ट्रेलियात असा निकाल फिरला आहे. एडी माबो हा टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात माळी होता. मेर बेटावरची आपली वाडी कायद्याने राणीची आहे, हे त्याला तिथल्या प्राध्यापकांशी गप्पा मारताना कळलं. जून १९९२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने (तिथलं तेच सर्वोच्च) सहा विरुद्ध एक मतांनी 'जमीन कोणाचीच नव्हती' ही कल्पना मोडीत काढली. माबो त्याआधी जानेवारीत गेला.

अवांतर: आपल्याकडे पोप नव्हता, पण इंग्रजांच्या वनकायद्याने जंगल सरकारी झालंच, आणि १९४७ नंतर ते सरकारीच राहिलं. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत 'ऐतिहासिक अन्याय' हे शब्द आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये १८०० हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला, आणि स्वतःचा बांबू बाहेर न्यायच्या पासासाठी पुढे २०११ पर्यंत भांडावं लागलं. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूळ लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने मत दिलं, वर सांगितलं की आमच्याकडे सगळेच मूळनिवासी. अमेरिका विरोधात होती. ओनोंडागांचं पुढे काय?

सुनंदा, सिरॅक्यूज

इथली कोर्टं संपल्यावर २०१४ मध्ये ते अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे गेले. २०२३ मध्ये आयोगाने तक्रार ऐकायला घेतली. आयोग सांगेल ते वॉशिंग्टन करेलच असं नाही, हे तेही जाणून आहेत.

या भागात कोणी असाल तर ११ नोव्हेंबरला कॅनंडेग्वाला जा. अमेरिकेने या मूळ राष्ट्रांशी केलेल्या १७९४ च्या तहाचा दिवस असतो, बाहेरच्यांनाही येऊ देतात. त्या तहाप्रमाणे सरकार अजून दरवर्षी कापड पाठवतं. टोपी आणि हातमोजे घ्या, कार्यक्रम कोर्टाबाहेर उघड्यावर असतो.