व्यसनमुक्तीचा पैसा कोठे जावा : तालुक्याच्या केंद्रात की प्राथमिक आरोग्य केंद्रात?

गोदातीर (धागाकर्ता)

निवडणुका जवळ आल्या की ‘प्रत्येक तालुक्याला एक व्यसनमुक्ती केंद्र’ हे आश्वासन कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येतेच. अशा केंद्राची कोनशिला बसवता येते, खाटा मोजता येतात, उद्घाटनाचा फोटो छापून येतो. माझा आक्षेप त्या केंद्रांच्या उपयुक्ततेवर नाही. सरकारी पैसा मर्यादित असताना तो आधी कोठे खर्च व्हावा, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तो प्राथमिक आरोग्य केंद्रात बसणाऱ्या एका प्रशिक्षित, पूर्णवेळ समुपदेशकावर खर्च व्हावा.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात आणि २.७ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ९० लाख लोक, तिच्या पूर्ण आहारी गेलेले आहेत. अशा ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी प्रकारची मदत मिळाली होती आणि रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला माणूस १८० जणांमागे एक होता. ही दरी खाटा वाढवून भरायची म्हटले तर किती इमारती लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय जो माणूस अजून पूर्ण आहारी गेलेला नाही, पण ज्याची मजुरी बुडते, ज्याला रात्री झोप लागत नाही आणि जो त्या झोपेसाठी पितो, तो केंद्राच्या दारात जातच नाही, कारण केंद्र हे ‘बेवड्यांसाठी’ असते आणि तो स्वतःला बेवडा मानत नाही.

याच माणसासाठी गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने एक प्रयोग केला. मानसिक आरोग्याचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक व्यक्तींना प्रशिक्षण देऊन दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. ताप-खोकल्यासाठी आलेल्या पुरुषांना एक छोटी प्रश्नावली विचारली गेली आणि ज्यांचे पिणे घातक ठरू लागले होते, अशा निम्म्या लोकांशी जास्तीत जास्त चार बैठकांत बोलणे झाले. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ३६ टक्के लोक धोक्याच्या रेषेच्या खाली आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत. दहा टक्क्यांचा फरक कोणाला किरकोळ वाटेल, परंतु चार बैठका, एक खोली आणि एक पगार एवढ्याच खर्चात तो पडला आहे, हे लक्षात घ्यावे.

आपली मते, विशेषतः विरोधी मते, वाचायला आवडतील.

शुश्रूषा

मी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात परिचारिका आहे आणि धागाकर्त्यांच्या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. गोव्याच्या त्या अभ्यासात घातक मद्यपान करणारे पुरुष होते. पूर्ण आहारी गेलेले रुग्ण त्या मुख्य चाचणीतून वगळलेले होते. म्हणजे आपण ज्या २ कोटी ९० लाख लोकांचा आकडा देऊन दरी दाखवलीत, त्यांना तो उपाय लागूच होत नाही. आकडा एका गटाचा आणि औषध दुसऱ्या गटाचे, असा हा युक्तिवाद झाला.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने घरच्यांच्या किंवा समुपदेशकाच्या सांगण्यावरून एका दिवसात दारू बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होऊ शकतो. रुग्णाला भिंतीवर किडे दिसतात, तो माणसे ओळखत नाही, अंग तापते आणि वेळेवर उपचार न झाल्यास तो दगावूही शकतो. अशा वेळी डॉक्टर, थायमिनची इंजेक्शने, योग्य मात्रेत शांत करणारी औषधे आणि रात्रभर जागणारे कोणीतरी लागते. गावात ‘देवाची शपथ घेऊन सोडली आणि तिसऱ्या दिवशी वेड लागले’ असे ज्याच्याबद्दल सांगितले जाते, तो बहुधा याच अवस्थेतून गेलेला असतो, आणि त्याचे नातेवाईक त्याला आमच्याकडे आणण्याआधी मांत्रिकाकडे नेऊन आलेले असतात.

दुसरा मुद्दा मुक्कामाचा. पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झाले, तेव्हा गर्दचा (ब्राऊन शुगरचा) काळ होता. डॉ. अनिता अवचट यांनी तेथे रुजवलेल्या पद्धतीत औषधांनी शरीर सावरल्यानंतरचे अनेक दिवस दिनक्रम, गटचर्चा, व्यायाम आणि कुटुंबाशी संवाद यांसाठी राखलेले असतात. हे काम चार बैठकांत होत नाही. ज्या तालुक्यातून पुणे किंवा नागपूर गाठायला दिवस मोडतो, तेथे खाटांची मागणी करणाऱ्याला कोनशिलेचा हौशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

इरईकाठ

दोघांचेही वाचले. दोघेही पिणाऱ्याबद्दल बोलत आहेत. पाजणाऱ्याबद्दल कोण बोलणार?

मी चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेलेल्या बायकांनी समुपदेशक मागितला नव्हता, दुकान बंद करायला सांगितले होते. आरोग्य केंद्रातून चार समजुतीच्या गोष्टी ऐकून बाहेर पडलेला माणूस ज्या रस्त्याने घरी जातो, त्या रस्त्यावर दुकान उघडे असेल तर त्या गोष्टी किती पावले टिकतील? आपण ज्या अभ्यासाचा दाखला दिलात, त्यातच पत्नीला होणाऱ्या मारहाणीत फरक आढळला नाही, हेही नोंदवलेले आहे. ते आपण सांगितले नाहीत. ज्या घरात हात उगारला जातो, तेथे ‘धोक्याची रेषा’ कोणाची मोजायची?

गावाकडे साधने आहेत, ती वापरू दिली जात नाहीत. अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांची विक्री बंद किंवा नियंत्रित करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे. इतरत्र आडव्या बाटलीचे, म्हणजे दारूचे दुकान बंद करण्यासाठीचे, मतदान आहे. पण २५ टक्के सह्या गोळा करा, त्यांची पडताळणी होऊ द्या, आणि मग मतदानाला आलेल्यांच्या नव्हे तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला मिळवा, अशी ती शर्यत आहे. कामासाठी परगावी गेलेली बाईसुद्धा त्यात दुकानाच्या बाजूने मोजली जाते. सरपंचाच्या निवडणुकीला ही अट लावली असती तर राज्यात किती सरपंच निवडून आले असते? आधी ही अट बदला, मग समुपदेशनाचे बोलू.

पाऊलवाट

इरईकाठ यांच्याच जिल्ह्याचा अनुभव त्यांच्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून बंदी होती आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. त्या सहा वर्षांत चोरटी दारू जादा दराने घरपोच मिळत होती, हे तेथे राहणाऱ्या कोणालाही विचारावे. बंदी असताना पिणारा माणूस उपचाराला येण्यास आणखी कचरतो, कारण आजाराची कबुली देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे, असे त्याला वाटते. चोरट्या दारूत काय मिसळलेले असते, ते २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गमावून आपण पाहिले. तेथे तर बंदीही नव्हती.

इरईकाठ

बंदी होती, अंमलबजावणी नव्हती. हेल्मेटची सक्ती पाळली जात नाही म्हणून कोणी हेल्मेट निरुपयोगी ठरवत नाही. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तेथे ‘सर्च’ ही संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून चालवलेल्या ‘मुक्तिपथ’मध्ये गावोगावच्या संघटना, तालुक्याच्या ठिकाणचे उपचार आणि पोलिसांवरचा दबाव ही तिन्ही कामे एकत्र चालली. नुसत्या सरकारी अधिसूचनेची आणि या कामाची तुलना करू नये.

गोदातीर (धागाकर्ता)

सविस्तर प्रतिसादांबद्दल आभार.

शुश्रूषा यांनी काढलेली वैद्यकीय हरकत महत्त्वाची आहे, पण तिच्यातून माझ्याच म्हणण्याला बळ मिळते, असे मला वाटते. डिलिरियमच्या रुग्णाला खाट हवी, याविषयी वाद नाही. ती खाट ग्रामीण रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात असावी, जेथे रात्रपाळीचा डॉक्टर आधीच आहे. वेगळी इमारत उभारून तेथे डॉक्टर मिळाला नाही, तर त्याच रुग्णाला कुलूपबंद खोलीत ठेवून ‘उपचार’ होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांचा समावेश आहे, त्यामुळे अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी आणि रुग्णाच्या संमतीचे नियम बंधनकारक ठरतात. तरीही रात्री गाडी घेऊन येणारी, हातपाय धरून माणसाला उचलून नेणारी आणि महिन्याच्या ‘पॅकेज’चे पैसे आगाऊ घेणारी केंद्रे चालतात, हे आपणही पाहिले असेल. मागणी इमारतींची वाढली की पुरवठा याच मंडळींकडून होतो. आणि कोणाची दारू घरी कमी करता येईल आणि कोणाला आजच रुग्णालयात पाठवले पाहिजे, ही पहिली निवड करणारे माणूस गावाजवळ नसेल, तर तो रुग्ण मांत्रिकामार्गेच आपल्यापर्यंत येत राहणार.

जेवणात गुपचूप मिसळल्या जाणाऱ्या ‘दारू सोडवायच्या गोळी’चेही असेच आहे. डायसल्फिरॅम रुग्णाला सांगून, तपासण्या करून द्यायचे औषध आहे. त्याच्या नकळत ते पोटात गेले आणि वर दारू घेतली तर जीवावर बेतू शकते. बायकोला हे सांगणारे कोणीतरी हवे, आणि पुण्याच्या केंद्रातील तज्ज्ञ तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचत नाही.

इरईकाठ यांना एवढेच सांगतो की मतदानाच्या अटीबद्दल मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. मारहाणीच्या निष्कर्षाबद्दल माझे मत असे आहे की दारू कमी झाली म्हणून हात आपोआप थांबत नाही, कारण मारहाणीची मुळे केवळ बाटलीत नसतात. तो युक्तिवाद समुपदेशनाविरुद्ध जितका जातो तितकाच दुकानबंदीविरुद्धही जातो.

आजचादिवस

मी स्वतः अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या निनावी बंधुतेचा, सभासद आहे, त्यामुळे नाव-गाव सांगणार नाही. १९३५ पासून ही बंधुता जगभर चालू आहे आणि ती सरकारकडून किंवा बाहेरच्या कोणाकडूनही पैसा घेत नाही. सभेत टोपी फिरते, त्यात ज्याला जमेल त्याने टाकावे. शाळेचा वर्ग, चर्चचे सभागृह, समाजमंदिर, जेथे तासभर जागा मिळेल तेथे मीटिंग होते. नवा माणूस शेअरिंग ऐकतो आणि त्याला प्रथमच कळते की ही गोष्ट आपल्या एकट्याची नाही. पगारी समुपदेशकाला रात्री अकरा वाजता, तल्लफ उसळलेली असताना, फोन करता येत नाही. आमच्यात स्पॉन्सरला, म्हणजे आधी दारू सोडलेल्या सोबती सभासदाला, करता येतो. येथील सारी चर्चा शासनाने काय द्यावे याभोवती फिरते आहे, म्हणून हा प्रतिसाद.

शुश्रूषा

आजचादिवस यांच्या मंडळींबद्दल मला आदर आहे आणि डिस्चार्ज देताना आम्ही रुग्णांना त्यांचेच पत्ते देतो. परंतु निनावीपणा शहरात जमतो. ज्या गावात सायकलीवरून माणूस ओळखला जातो, तेथे समाजमंदिरातील मीटिंगला जाणे म्हणजे दवंडी पिटणे होय. हाच आक्षेप प्राथमिक आरोग्य केंद्रालाही आहे. तेथील शिपाई रुग्णाचा चुलतभाऊ असतो. बायकांचे तर विचारूच नका. पिणारी बाई गावच्या आरोग्य केंद्रात हा विषय काढणार नाही, आणि गोव्याच्या चाचणीतही केवळ पुरुषच होते. ‘मुक्तांगण’ला स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढावा लागला, तो याच अडचणीतून. दूर असणे हा कधीकधी केंद्राचा गुणच असतो.

खडूफळा

विदर्भातील एका शाळेत शिक्षक आहे. सहावी-सातवीच्या मुलांच्या दप्तरात तंबाखू-सुपारीचा खर्रा सापडतो, प्लास्टिकच्या चौकोनी तुकड्यात घोटलेला. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि पानटपरी बहुधा फाटकासमोरच असते. या धाग्यावर अजून एकानेही अठरा वर्षांखालील कोणाचा उल्लेख केलेला नाही, याचे आश्चर्य वाटले. समुपदेशक नेमायचाच असेल तर त्याने आठवड्यातील दोन दिवस शाळांना द्यावेत. व्याख्यान देऊ नये. मुले कंटाळतात आणि पोस्टरवरच्या कर्करोगाच्या चित्रांना नावे ठेवतात.

लेखाशीर्ष

आरोग्य विभागाच्या हिशेबाशी माझा संबंध आहे, म्हणून थोडे कोरडे लिहितो. ‘एक खोली आणि एक पगार’ हे धागाकर्त्यांचे गणित कागदावरचे आहे. असे पद निघाले तर ते कंत्राटी निघेल, मुदतीमुदतीने वाढवले जाईल, आणि त्या व्यक्तीला लसीकरणाच्या नोंदी, सर्वेक्षणे व शिबिरांच्या कामाला जुंपले जाईल. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प निघाला, तेव्हा घरोघरी जाऊन नैराश्याची प्रश्नावली भरण्याचे काम आशा सेविकांच्याच वाट्याला आले. आधीच डझनभर कामे असलेली गावातील सून, गावातील पुरुषाला ‘आपण किती पिता’ असे कसे विचारणार? फोनवरून मदत हवी असेल तर मानसिक आरोग्यासाठी १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हे राष्ट्रीय क्रमांक आहेतच. नवे पद मागण्याआधी हे क्रमांक प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ठळक लिहिले आहेत का, ते पाहावे.

गोदातीर (धागाकर्ता)

लेखाशीर्ष यांची भीती खरी आहे, आणि म्हणूनच मूळ लेखात ‘पूर्णवेळ’ हा शब्द घातला होता. आशांवर हे काम टाकण्यास माझाही विरोध आहे. गोव्यातील प्रयोगाचा जो भाग नक्कल करताना सर्वांत आधी गळून पडेल, तो देखरेखीचा: तेथे समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, सहकारी आणि तज्ज्ञ त्या एकत्र ऐकून गुण देत आणि पुढच्या वेळी काय वेगळे बोलावे, हे ठरवत. ही रचना जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडे सोपवता येईल, कारण जिल्ह्यात मनोविकारतज्ज्ञ त्यांच्याकडेच असतो. देखरेखीची तरतूद नसेल तर पद निघू नये, असे मी आजही म्हणेन. शुश्रूषा यांच्या गोपनीयतेच्या आक्षेपावर उपाय म्हणून समुपदेशकाने शेजारच्या दोन केंद्रांतही ठरावीक वारी बसावे, म्हणजे ज्याला आपल्या गावी नको असेल तो बाजाराच्या दिवशी दुसरीकडे जाईल. पिणाऱ्या स्त्रियांसाठी मात्र एवढ्याने भागणार नाही. त्यांच्यापुरती दूरच्या केंद्राची मागणी मला मान्य आहे. खडूफळा यांनी सुचवलेले शाळेचे दोन दिवस याच फिरतीत बसवता येतील का, यावर शाळांत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहावे.