मदत हवी आहे: आज्जीच्या विडीकामावर माहितीपट, १९७२ चा एक प्रसंग उभा करायचाय (कपडे, सामान, उजेड)

सीमेवरची

नमस्कार मंडळी. बेळगावात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पत्रकारिता. बारा मिनिटांचा माहितीपट करून द्यायचाय. विषय घरातलाच घेतला, निपाणीची माझी आज्जी. लग्न होऊन आली तेव्हापासून गुडघे जाईपर्यंत तिने विड्या वळल्या.

आम्ही तिघं. मी, कॅमेऱ्याला वर्गातला एक कन्नड मित्र, आणि आवाज बघायला एक मैत्रीण. तिलाच गळ घालून तरुण आज्जी म्हणून उभी करतेय. मित्राला मराठी कळतं पण बोलता येत नाही, आज्जीचं कन्नड बाजारापुरतं. तरी दोघांची गट्टी जमलीय, कारण 'अज्जी' दोन्हीकडे अज्जीच.

मुलाखत दोन दिवसांत झाली आणि चांगली झाली. घोडं अडलंय ते एका प्रसंगावर. दुष्काळाचं साल, १९७२. आज्जी वळलेल्या विड्या पाटीत घालून कारखान्यात द्यायला जायची. मोजणारा एकेक जुडी हातात फिरवायचा आणि 'छाट' म्हणून मूठभर विड्या बाजूला टाकायचा. छाटलेल्या विडीचे पैसे नाहीत आणि विडीही परत नाही. एक दिवस हिने त्या बाजूला पडलेल्या विड्या उचलल्या, त्याच्यापुढे जमिनीवर टाकल्या आणि पायाने चिरडल्या. "मला न्हाई तर तुला बी न्हाई." नंतर महिनाभर तिला कारखान्याकडून विड्या वळायला पानं मिळाली नाहीत. याचा फोटो कुठून असणार? बरोबरीच्या बायकाही आता राहिल्या नाहीत. म्हणून वाटलं, अभिनय करून दाखवावा.

मग पहिला घोळ. गावातल्या एका ड्रेपरीवाल्याकडून नऊवारी आणली. दिवसाचं भाडं ठरवलं होतं एक, घेताना लावलं दुसरं, आणि पिशवी उघडली तर आत शिवलेली नऊवारी, चकचकीत काठाची, चैनसकट. मैत्रीण ती घालून पुढ्यात आली तशी आज्जी खाटेवरून म्हणाली, "काय गं, तमाशाला निघालीस व्हय?" मित्र इतका हसला की कॅमेरा हलला. तो शॉट ठेवलाय.

दुसरा घोळ सामानाचा. तंबाखू घरात आणायला आईचा सक्त विरोध आहे. पानं कुठून आणायची माहीत नाही. कंदील मिळाला, पण त्याच्या उजेडात मोबाइलवर नुसती मुंग्या-मुंग्या दिसतात. सुरुवातीला वखारीत बायका रांगेने विड्या वळत बसल्यात असा मोठा शॉट घ्यायचाय, त्याला माणसं कुठून आणू? वर आमचे सर म्हणतात, निपाणी म्हटलं की १९८१ चं तंबाखू आंदोलन आलंच पाहिजे, ते पण घाल. बारा मिनिटांत!

बजेट सांगायची लाज वाटते. तिघांचे मिळून चार हजार, त्यातले ड्रेपरीत गेलेले वजा. पुढच्या शनिवार-रविवारी शूट संपवायचंय. कुणी आधी असलं काही केलंय का? कपडे आणि उजेड या दोन गोष्टींवर जास्त सांगा, बाकीचं निभावून नेऊ.

तवंदीघाट

पोरी, ड्रेपरीचा नाद सोड, आज्जीची ट्रंक उघड. आपल्याकडच्या बाईच्या ट्रंकेत एखादं तरी इरकल लुगडं निघतंच, लाल-पांढऱ्या टोपपदराचं. नसेल तर शेजारच्या म्हाताऱ्यांकडे माग, विकत घेऊ नको. नवं इरकल कडक असतं, घडीची रेघ कॅमेऱ्यात लगेच दिसते. आणि विडी वळणारी बाई रोज अख्खं लुगडं कुठलं नेसायला? दोन जुनी फाटकी लुगडी, त्यातला धड भाग कापून मधे शिवायचा. दंड घालणं म्हणतात त्याला. मांडीच्या आसपास ती शिवण दिसली की बघणाऱ्या बाईला सगळं कळेल, तुला निवेदनात काही सांगावं लागणार नाही. तुझ्या आज्जीला फक्त 'दंड' म्हणून बघ, ती तासभर बोलेल.

चोळी खणाची, पुढं गाठ मारायची. हुकचा ब्लाउज नको. खण गुळेदगुड्डचा आणि लुगडं इलकलचं, दोन्ही बागलकोटकडची, आपल्याला लांब नाहीत. कुंकवाची टिकली चिकटवू नको. आधी मेण, मग त्यावर कुंकू, बोटाने. बांगड्या काचेच्या, आणि कामाच्या हातात एखादी कमीच.

आता चूक सांगतो. वखारीत विड्या वळत नाहीत गं. वखारीत तंबाखू यायचा, तो बायका चाळायच्या, कुटायच्या, धुळीनं नाकं भरायची. विडी वळायची ती बहुतेक घरात, नाहीतर कारखान्याच्या पडवीत. दोन वेगळ्या कामाच्या दोन वेगळ्या बायका. तुझा तो मोठा शॉट आपोआप रद्द, माणसांचा खर्च पण वाचला.

भिंतीवर कॅलेंडर टांगणार असलीस तर बघून. एका कॉलेजच्या पोरांनी १९७० च्या घरात कालनिर्णय टांगलं होतं. ते निघालंच १९७३ मध्ये.

फिरता कॅमेरा

उजेडाबद्दल. कंदील फक्त दिसायला ठेवा, त्याच्याकडून उजेडाचं काम करून घेऊ नका. कंदिलाच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, साधा पिवळा एलईडी बल्ब लावा, वर केशरी जिलेटीनचा कागद किंवा जुनी पिवळट ओढणी, बल्बला चिकटणार नाही एवढ्या अंतरावर. म्हणजे उजेड कंदिलातूनच येतोय असं वाटेल आणि मुंग्या जातील. खरं, माझं विचाराल तर प्रसंग दिवसाचाच घ्या. विडीकाम उंबऱ्यात, दाराच्या उजेडात चालायचं, तोच तुमचा फुकटचा दिवा. सकाळी नऊच्या आधी नाहीतर चारनंतर.

मोबाइलमध्ये हाताने सेटिंग करता येणारं अॅप टाका. २५ फ्रेम, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची, ३० फ्रेमवर घेतलंत तर ट्यूबलाइट लपलपते. व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर इरकलचा लाल एका शॉटमध्ये विटकरी आणि दुसऱ्यात गुलाबी.

आवाजाला मात्र जपा. पंखा बंद, फ्रीज बंद (बंद केलेला फ्रीज आठवणीने चालू करायला गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवतो मी, मग विसरणं शक्यच नाही). रिकाम्या खोलीचा एक मिनिट आवाज वेगळा घ्या. आणि कातरीचा, पानावर कातर फिरतानाचा, अगदी जवळून. अभिनय फसला तरी तो आवाज सगळं सांभाळून घेईल.

सामान: तंबाखूऐवजी चहाचा चोथा, धुऊन कडक वाळवलेला, थोडा चुरडून. पानं टेंभुर्णीची, वाळकी मिळाली तर रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. कोरडी कापायला गेलात तर पापडासारखी मोडतील. पान ज्या मापाने कापायचं तो पत्र्याचा तुकडा तुम्हीच कापून घ्या, घासून जरा गंजवा. कुणाला विडी ओढताना मात्र दाखवू नका, पडद्यावर तंबाखू ओढली की इशाऱ्याची पट्टी आणि नसते प्रश्न. कारखान्याचं लेबल कुठल्याही शॉटमध्ये नको. आणि आज्जीची परवानगी कॅमेऱ्यावर घेऊन ठेवा, तिच्या भाषेत, कशासाठी ते सांगून.

उलटा प्रश्न

सगळे कपडे-दिवे सांगताय, मी वेगळंच विचारते. अभिनय हवाच कशाला? एकवीस वर्षांची मुलगी, मऊ हात, त्यात गोंदण नाही, चोथ्याची विडी वळताना धागा सुटणार. प्रेक्षक तेवढंच बघत बसेल. तुझ्या आज्जीचे हात आहेत ना? त्यांच्या हातावर गोंदण असेल, नखं पानाच्या कापणीने झिजलेली असतील. विड्या मोजणारा मुनीमही दाखवू नको, चेहरा तर नाहीच. एक हात फक्त, जुडी फिरवणारा, आणि बाजूला पडणाऱ्या विड्या. चिरडण्याचा शॉट पायाचा. बाकी आवाज आज्जीचा.

युगांतर या बायकांच्या गटाने १९८२ साली निपाणीतल्याच तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला होता, तो मिळवून बघ. चाळीसएक वर्षांपूर्वी कोण कशी उभी राहिली, काय नेसली होती, हे तुला ड्रेपरीवाल्यापेक्षा त्यात बरं दिसेल.

सरांना सांग, १९८१ चं आंदोलन शरद जोशींचं, तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं, भावासाठी. महामार्ग अडवून बसले होते, गोळीबार झाला. मोठीच गोष्ट आहे, पण तुझ्या आज्जीची नाही. काही घालायचंच असेल तर १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा घाल, एका ओळीची पाटी. नाकारलेल्या विड्यांवरून मालक-मजुरात तंटा झाला तर तो कुठे सोडवायचा, याची तरतूद त्या कायद्यात आहे. म्हणजे तुझ्या प्रसंगाच्या सहा वर्षं आधी छाट दिल्लीपर्यंत पोचली होती आणि आज्जीच्या मोजणीच्या खिडकीपर्यंत आली नव्हती. मला तर हाच तुझा सिनेमा वाटतो.

सीमेवरची

सगळ्यांना खूप थँक्यू. काल निपाणीला जाऊन आले. ट्रंकेत इरकल निघालं, गोमी काठाचं, आणि तवंदीघाट काकांनी सांगितलं तसा दंड पण आहे. आज्जी म्हणाली तो दंड तिच्या सासूने घातलेला, टाके मोठे मोठे, "तिला दिसायचं न्हाई".

उलटा प्रश्न ताई, तुमचं आधी पटलं नव्हतं. पण गंमत म्हणून तिच्या हातात वर्तमानपत्राची कापलेली पट्टी आणि चोथा दिला. तिने बघितलंही नाही. माझ्या भावाच्या नोकरीबद्दल बोलत होती, बोटं चालू. तळाशी दुमड, वरून दाब, धागा दोन वेढे, दातांनी तोडला. कागदाची विडी, पण एकसारख्या अकरा झाल्या. बारावी स्वतःच उचलून उजेडात धरली, म्हणाली "ही छाट", आणि बाजूला ठेवली. मित्र तेव्हा लेन्स पुसत होता. घेता आला नाही.

तर आता अभिनय रद्द, मैत्रीण सुटली, ती आवाजच बघेल. मुनीमाचा हात म्हणून काकांचा घेतोय, फक्त घड्याळ काढायला लावायचं. शनिवारी सकाळी आठला शूट. पानांचं एकाने कबूल केलंय. एकच राहिलंय: बांबूचं जुनं सूप, शेणाने सारवलेलं असलं तर फारच छान. आमच्याकडे सगळी प्लास्टिकची. निपाणी, चिकोडी, संकेश्वर कुठेही असू दे, मी येऊन घेऊन जाईन आणि रविवारी परत आणून देईन.