बँकेने गळ्यात मारलेला विमा : पैसे स्वतः परत मिळवलेत का? अनुभव लिहा

स्लावकर_काकू
काल रात्री नवऱ्याला फोन, तुमच्या गाडीच्या फायनान्समध्ये डीलरने कमिशन खाल्लंय तुम्हाला हजारो पौंड मिळतील, आणि मी भाकरी थापता थापता एकदम 2013 मध्ये जाऊन पोचले. यूकेत जुने असलेल्यांना आठवत असेल, पीपीआय, म्हणजे आजारपण आलं किंवा नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते भरणारा विमा, बँका कर्जाबरोबरच गळ्यात मारायच्या तो.

आम्ही 2003 ला स्लावला आलो. पुढच्या वर्षी गाडीसाठी 8,000 पौंडांचं लोन काढलं, बँकेचं नाव नको, हाय स्ट्रीटवरची होती एवढं पुरे. काउंटरवरचा पोरगा इतका गोड, म्हणाला हे कव्हर घेतलंत तर लोन पटकन पास होतं. आम्ही वर्क परमिटवर, क्रेडिट हिस्ट्री शून्य, आम्हाला वाटलं द्यावंच लागतं असेल इथे. ठोकली सही. पाच वर्षांचा प्रीमियम 1,900 पौंड एकदम लोनमध्येच मिळवला आणि त्याच्यावर पण व्याज! म्हणजे विमाही उधारीवर. हे मला कळलं नऊ वर्षांनी, तेही मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा.

घरी येऊन कुकीजचा निळा डबा उघडला. सगळ्यांच्या घरी असतो तो, वर सुईदोरा आणि खाली कागद. लोन ॲग्रीमेंट त्यातच होतं. एक पान पत्र लिहिलं, हे सक्तीचं आहे असं आम्हाला भासवलं, नवऱ्याला कंपनीकडून आजारपणाचा पगार मिळत होता ते कोणी विचारलंच नाही, आमचे पैसे परत करा. बस. नवरा म्हणाला हात दाखवून अवलक्षण करतेस. बँकेला आठ आठवडे असतात, सातव्या आठवड्यात उत्तर आलं. विम्याचे हप्ते व्याजासकट 2,300, त्यावर भरपाईचं व्याज 8 टक्क्यांनी 1,196, त्यातून 239 टॅक्स कापून 3,257 चा चेक. नवऱ्याने त्या चेकचा फोटो काढून भावाला पाठवला, जसं काही पत्र त्यानेच लिहिलं होतं.

निम्मे आईबाबांच्या तिकिटात गेले. बाबांनी हीथ्रोच्या पार्किंगमध्येच विचारलं, घर केवढ्याला घेतलंस.

तुमचं सांगा. कंपन्यांना न देता स्वतः केलेलं.

डॉ_बिनगोळी
शीर्षकात विमा दिसला म्हणून ठीक, नाहीतर पीपीआय म्हटलं की मला ॲसिडिटीच्या त्याच नावाच्या गोळ्या, पॅन्टोप्राझोलच आठवतं. सकाळी उपाशीपोटी एक.

स्लावकर_काकू
@डॉ_बिनगोळी ते पण लागलं होतं, बँकेच्या पत्राची वाट बघताना 😂

मिरजेची_सिस्टर
माझं क्रेडिट कार्डवर होतं. दर 100 पौंड बाकीला 79 पेन्स, महिन्याला. वाटतं काय एवढंसं, चिल्लर आहे, पण मी 2001 पासून भरत होते आणि स्टेटमेंटवर 'पेमेंट कव्हर' असं लिहिलेलं, पीपीआय शब्दच नाही त्यामुळे मला वर्षानुवर्षं वाटायचं ती कार्डाची फी आहे. मी एनएचएसमध्ये, इथल्या सरकारी आरोग्यसेवेत. पाच वर्षं नोकरी झाली की आम्हाला सहा महिने पूर्ण पगार आणि सहा महिने अर्धा मिळतो आजारी पडलं तर, मग हा विमा मला कशाला विकला? हे एवढंच वाक्य लिहिलं मी पत्रात, इंग्रजी पण मोडकंतोडकंच. जुनी स्टेटमेंट नव्हती तेव्हा 10 पौंड भरून बँकेकडूनच माझी सगळी माहिती मागवली (2018 नंतर ते फुकट झालं), हे एवढं बाड आलं पोस्टाने. नाइट ड्यूटीनंतर झोप सोडून पिवळ्या हायलायटरने एकेक ओळ रंगवली. 1,140 मिळाले.

माझ्याबरोबरच्या केरळच्या दोघींचं पण मीच लिहून दिलं, फी म्हणून फिश करी.

भाजणी_हवी
लेस्टरमध्ये थालीपिठाची भाजणी कुठे मिळते कोणाला माहीत आहे का? धाग्याचा विषय वेगळा आहे माहितीये सॉरी, पण इथे यूकेवाले बरेच दिसतायत.

टॅक्सीवाला_अण्णा
मी मिनिकॅब चालवायचो. सेल्फ एम्प्लॉइड. म्हणजे मला नोकरीवरून काढणार कोण? मीच? आणि विमा काय तर बेरोजगारीचा 😄 फॉर्मवर व्यवसाय स्वच्छ लिहिलेला. तरी पहिलं उत्तर काय आलं, आमच्या नोंदीनुसार तुम्हाला योग्य माहिती दिली होती. पुढे तेच ते घासून लिहिलेलं इंग्रजी, आपण वाचूनच गप्प बसावं असं. बायको म्हणे सोडा आता. मी पण सोडलंच होतं पण शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं बघा की सहा महिन्यात ओम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्यांकडे जाता येईल, फुकट आहे. एक दिवस एअरपोर्टच्या रांगेत चार तास अडकलो, गाडीत बसून त्यांचा प्रश्नांचा फॉर्म भरला. मग चौदा महिने काही नाही. त्यावेळी त्यांच्याकडे ढिगानी केसेस पडल्या होत्या. शेवटी एक बाई फोनवर बोलली, फार शांत, दोनच प्रश्न विचारले, कामधंदा काय आणि त्यांनी तो तेव्हा विचारला होता का. निकाल माझ्या बाजूने. 2,800 च्या आसपास.

बँकेचं सॉरी पण आलं, पण त्यात माझं आडनाव चुकलेलं.

खवट_हॅरोकर
लोकांना वाटतं बँकांनी दानधर्म केला. 2005 ला सिटिझन्स ॲडव्हाइस ह्या लोकांना फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेने पहिली मोठी तक्रार केली, तेव्हापासून घोडं पेंड खात होतं. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने नियम कडक केले तर बँकांची संघटना कोर्टात गेली, हायकोर्टात एप्रिल 2011 ला हरली, मे महिन्यात अपील सोडून दिलं आणि मग कुठे पैसे सुटायला लागले. 2011 पासून मोजले तर 38 अब्ज पौंडांच्या वर दिले त्यांनी. आणि तक्रारीची मुदत संपायची म्हणून देखरेख संस्थेने केलेली जाहिरात कोणाची, तर आर्नोल्ड श्वार्झनेगरचं रबरी मुंडकं, रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर फिरत ओरडतंय, निर्णय घ्या म्हणून. माझी नात ते बघून रडायची.

गोंयकार_क्रॉयडन
ते मुंडकं!!! विसरलो होतो मी, कशाला आठवण करून दिली 🙈

पस्तावलेला
मी कंपनीला दिलं होतं. हसू नका.
2012, रोज तीन कॉल, टेक्स्ट वेगळे, 'तुमचे 3,250 पौंड तयार आहेत' वगैरे. कंटाळून एकाला हो म्हणालो. त्यांनी काय केलं तर मला फॉर्म पाठवला, मीच भरला, मीच सही केली, त्यांनी पाकिटात घालून बँकेला पाठवला. ह्याचे 25 टक्के अधिक व्हॅट म्हणजे 30 टक्केच झाले की. त्यात माझं त्याच बँकेत दुसरं लोन थकलेलं होतं, तर बँकेने माझे 1,900 परस्पर त्या थकबाकीत वळते केले, माझ्या हातात शून्य, आणि ही कंपनी म्हणतेय आमचे 570 द्या! पैसे दिसले पण नाहीत आणि बिल आलं. ते हप्त्याने फेडलं मी. फी ला 20 टक्क्यांची मर्यादा आली ती 2018 मध्ये, माझ्या काय कामाची.
स्लावकर काकू तुम्ही तेव्हा भेटला असतात तर.

स्लावकर_काकू
@पस्तावलेला अरेरे. हसत नाहीये कोणी. तेव्हा सगळेच फसायचे, ते फोनवाले बोलायचे पण असे की बँकेतूनच बोलतायत. (भाजी करपतेय, येते)

नाइट_शिफ्ट_पुणे
मी दुसऱ्या बाजूचा 🙋‍♂️ शिव्या घालू नका. येरवड्याजवळ एका ऑफिसात यूके प्रोसेसला होतो, ह्याच तक्रारींची फाइल बनवायचं काम. रात्रभर इंग्लंडातल्या आजीबाईंची पत्रं वाचायची, काही हाताने लिहिलेली, एकीने सोबत नातवंडाचा फोटो पण जोडलेला, का ते देवच जाणे. कंपन्यांकडून आलेली पत्रं सगळी एकसारखी, चार पानं कायदा, माणूस सापडतच नाही त्यात. आणि स्वतः लिहिलेली दोन ओळींची, मी तेव्हा रिटायर होते, मला नोकरी जाण्याचा विमा का दिला. अशी फाइल पाच मिनिटात व्हायची.

एक जुनी विक्रीची स्क्रिप्ट फाइलमध्ये लागलेली असायची. हप्ता सांगतानाच विमा धरून सांगायचा, गिऱ्हाइकाने आपणहून विचारलं तरच वेगळा करायचा. हे वाचल्यापासून मी मोबाइलचं रिचार्ज पण दोनदा वाचतो.

मिरजेची_सिस्टर
@नाइट_शिफ्ट_पुणे म्हणजे माझं हायलायटरवालं बाड तुम्हीच वाचलं असणार 😂 पिवळं होतं, कोपऱ्यावर चहाचा डाग.

नाइट_शिफ्ट_पुणे
ताई पिवळी बाडं निदान दोनशे होती. चहाचे डाग आमचे.

ठाण्याची_मी
यूकेचं माहीत नाही पण वाचून हात शिवशिवले. आईची एफडी मॅच्युअर झाली, 72 वर्षांची बाई, बँकेतला मॅनेजर म्हणे काकू एफडीपेक्षा जास्त मिळेल, पाच वर्षं भरा. आई त्याला बाळ म्हणायची! दरवर्षी दीड लाख भरायची पॉलिसी होती ती. आईच्या उशाशी पाकीट पडलेलं, मी सहज उघडलं, बाविसावा दिवस. आता 30 दिवसांचा फ्री लुक असतो, म्हणजे तेवढ्यात पॉलिसी परत करता येते, म्हणून वाचलो, पूर्वी 15 च होते. बँकेत गेले तर बाळ म्हणतो सर्व्हर डाउन, उद्या या. मी तिथेच बसून विमा कंपनीला मेल केला, पॉलिसी नंबर टाकून, रद्द करा आणि पोच द्या. कापाकापी होऊन पैसे आले. आई अजून म्हणते पोरगा चांगला होता गं, वरून प्रेशर असतं त्यांना.

टॅक्सीवाला_अण्णा
प्रेशर असतं हे खरंच आहे. पण आपल्या आईवर का काढायचं ते.

खवट_हॅरोकर
@ठाण्याची_मी लॉकर हवा तर पॉलिसी घ्या हा प्रकार अजून चालू आहे का तिकडे? माझ्या बहिणीला डेक्कनला असंच सांगितलं होतं.

ठाण्याची_मी
@खवट_हॅरोकर चालूच आहे काका. लेखी द्या म्हटलं की लगेच लॉकर रिकामा निघतो.

रेडिंगचा_राजा
माझी गंमत वेगळीच. 2012 ला बँकेने नाही म्हणून पत्र दिलं, मी विसरून गेलो, मग 2018 ला बँकेनेच आपणहून लिहिलं की पुन्हा तक्रार करता येईल. मला वाटलं हाही फ्रॉड, पत्र फाडणारच होतो. कारण ती प्लेव्हिनबाईंची केस. कॉलेजात शिकवायच्या, 34,000 चं कर्ज, 5,780 चा विमा आणि त्यातले 71.8 टक्के निव्वळ कमिशन, ते त्यांना सांगितलंच नव्हतं. सुप्रीम कोर्टाने 2014 ला म्हटलं हे अन्यायाचं आहे. मग नियम आला की कमिशन 50 टक्क्यांच्या वर असेल आणि तुमच्यापासून लपवलं असेल तर वरचं परत द्या. माझे फक्त 412 झाले, पण पत्र लिहिलं अकरा ओळींचं, म्हणजे ओळीला साडेसदतीस पौंड. मी आयुष्यात एवढ्या दराने लिहिलेलं नाही.

गोंयकार_क्रॉयडन
मी राहिलो. शेवटची तारीख 29 ऑगस्ट 2019. कागद फाइलला लावून तयार होते, पत्र पण अर्धं टाइप केलेलं. 20 तारखेला पप्पांना ॲडमिट केलं म्हणून म्हापशाला धावलो, परत आलो सप्टेंबरच्या मध्यावर. चवथ पण तिथेच झाली. त्या फाइलवर अजून माझ्याच अक्षरात लिहिलंय, अर्जंट.

स्लावकर_काकू
@गोंयकार_क्रॉयडन जाऊ दे रे. पप्पा कसे आहेत?

गोंयकार_क्रॉयडन
पप्पा ठणठणीत. रोज विचारतात इंग्लंडात येवन काय मेळयलें.

मिरजेची_सिस्टर
अजून एक, ते 8 टक्के व्याजावर बँक 20 टक्के कापायची ना, ज्यांचं उत्पन्न टॅक्सच्या खाली होतं त्यांना ते पण परत मिळायचं, आर-40 नावाचा फॉर्म. चार वर्षांपर्यंत मागता यायचं. माझ्या जावेने केलं, ती तेव्हा घरीच होती. काकू तुमचे 239 मागितलेत का? लोन दोघांच्या नावावर असेल तर निम्मे तुमचे होते.

स्लावकर_काकू
काय सांगतेस!! दोघांच्याच नावावर होतं. आणि मी 2013 ला घरीच होते गं, धाकटा दोन वर्षांचा. म्हणजे 119 गेले माझे.
नवऱ्याला आत्ता सांगितलं तर म्हणतो हात दाखवून अवलक्षण. मारू का ह्याला?

डॉ_बिनगोळी
आधी उपाशीपोटी एक गोळी.

पस्तावलेला
काकू ते गाडीच्या कमिशनचं पण सांगा, फोनवाल्याला काय सांगितलं मग? आमच्याकडे पण 2016 ची गाडी फायनान्सवर आहे आणि ह्यावेळी मी कोणालाही हो म्हणणार नाहीये, बायकोने फ्रिजवर चिठ्ठी लावलीये.

स्लावकर_काकू
@पस्तावलेला नवरा त्याला म्हणाला माझ्या बायकोशी बोला. त्याने फोन ठेवला.
तुझी कागदपत्रं शोध आणि फायनान्स कंपनीलाच थेट लिही, पत्र मी बघून देते. फिश करी चालेल.

भाजणी_हवी
भाजणीचं कोणी सांगेल का?

टॅक्सीवाला_अण्णा
@भाजणी_हवी मेल्टन रोडला गुजराती दुकानात विचारा, नसेल तर बायको घरी भाजते, रविवारी लेस्टरला फेरी आहे माझी, डबा रिकामा परत द्यायचा फक्त.