दहा-बारा खाटांचे वृद्धाश्रम : रात्री जागं कोण असतं?

चाफा
आई, वय ८३. पुण्याजवळ एका बंगल्यातल्या वृद्धाश्रमात आठ महिने होती. एकूण अकरा जण, दिवसा तीन मावशी, रात्री एकच. जेवण ताजं, अंगणात तुळस, गणपतीत दोन्ही वेळ आरती. मी चार जणांना तीच जागा सुचवली होती.

एका रात्री आई बाथरूमला उठली आणि पडली. मावशी तेव्हा वरच्या मजल्यावर एका आजोबांचं डायपर बदलत होत्या. आई किती वेळ फरशीवर होती, हे आजही कुणी सांगू शकत नाही. आम्हाला फोन आला सकाळी सात वाजता. तोवर तिला उचलून कॉटवर निजवलं होतं, दुखण्याची गोळी दिली होती. खुबा मोडला होता.

दोन मजले आणि जागं माणूस एकच, अशी स्थिती असेल तर अंथरुणाला खिळलेली माणसं घेऊच नयेत. हे मालकाच्या मर्जीवर नको. नोंदणी आणि तपासणी सक्तीची हवी.

रानजाई
वाचून फार वाईट वाटलं. मी स्वतः नऊ जणांचं असंच घर चालवते, म्हणून लिहिते. रात्री आणखी एक बाई ठेवायची तर तिचा पगार आणि सुट्टीच्या दिवसाची बदली, सगळं या नऊ जणांच्याच फीमध्ये बसवावं लागतं. फी वाढली की पहिल्यांदा पेन्शन नसलेली आजी घरी जाते. तिथे मुलगा-सून कामावर आणि दाराला बाहेरून कुलूप.

सरकारचं म्हणाल तर आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात जिल्ह्याला निदान एक, किमान १५० निराधारांचा वृद्धाश्रम लिहिलाय. पण तो सरकारने ‘काढावाच’ असं नाही, ‘काढू शकेल’ असं. आणि माझ्याकडच्या आजोबांना खिडकीचा पडदा उघडा असल्याशिवाय झोप येत नाही, हे १५० जणांत कोण लक्षात ठेवणार?

जुनी सिस्टर
पडदा लक्षात राहतो ही मोठी गोष्ट आहे, मनापासून म्हणते. पण पाठीचं काय? अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. असे तीन जण असले की रात्रभरात दहा-बारा वेळा, आणि जड माणसाला एकटी बाई हलवू शकत नाही, ओढते. ओढल्याने कातडी सोलते. भेटायला जाल तेव्हा चादर बाजूला करून माकडहाड आणि टाचा बघा. दाबूनही न जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी विचारा.

चाफा, पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल तर माणसाला उचलायचं नसतं, रुग्णवाहिका बोलवायची असते. हे त्या मावशींना कुणी शिकवलंच नव्हतं. दोष त्यांचा नाही.

घाटमाथा
नोंदणीने काय होईल? तपासनीस दुपारी येणार, रजिस्टर बघणार, सही करून जाणार. खासगी आश्रमांच्या नोंदणीची तरतूद असलेलं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, मंजूर झालंच नाही. त्यापेक्षा नातेवाइकांनीच अवेळी जावं. रात्री दहाला बेल वाजवा, दार कोण आणि किती वेळाने उघडतं ते पाहा.

चाफा
@घाटमाथा, मी पुण्यात आहे म्हणून बेल वाजवू शकते. ज्यांची मुलं परदेशात आहेत, ज्यांना कुणीच नाही, त्यांची बेल कोण वाजवणार? १ जानेवारी २०२३ ला पहाटे दिल्लीत ग्रेटर कैलासमधल्या वृद्धांच्या केंद्राला आग लागली, दोन वृद्धा गेल्या. तेव्हापासून मी हाच हिशेब करते: अकरा जण, त्यातले चार न चालणारे, एक जिना, एक मावशी.

@रानजाई, रात्री एकच बाई असते हे मला आधी सांगितलं असतं, तर मी जास्त पैसे दिले असते किंवा आईला तिथे ठेवलं नसतं. मला विचारलंच गेलं नाही. तुमच्याकडे प्रवेशाच्या वेळी हे सांगता का?

रानजाई
नाही सांगत. कुणी विचारलं तरच. सक्तीला माझा विरोध आहेच, छोटी घरं त्यात बंद पडतील. पण उद्या नऊही घरी फोन करून रात्री कोण असतं ते सांगते. न चालणाऱ्या दोघींना खालच्या खोलीत आणायचं कधीपासून राहिलंय, तेही.