बाबांचं पोट दोन महिने बिघडलंय, नुसती मुळव्याध म्हणून थांबावं का? (खानापूर-बेळगाव)

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. बाबा ६३ वर्षांचे, भातशेती आणि दोन म्हशी. पहाटे एकदा परसाकडं जाऊन आले की दिवसभर बघायला नको, अशी जन्मभराची सवय. गणपती झाल्यापासून मात्र दोन-दोन दिवस होत नाही, मग एकाच दिवसात चार-पाचदा जातात. जाऊन आले तरी "अजून राहिल्यासारखं वाटतंय" म्हणून परत फिरतात.

संडासच्या भांड्यात मला दोनदा लाल डाग दिसले. मी मुलगी, त्यांना कसं विचारणार? आईला विचारायला लावलं, तर "उष्णता झाली असेल" म्हणाले. गावातल्या डॉक्टरांनी न तपासताच मुळव्याधीच्या गोळ्या आणि चूर्ण दिलं. तीन आठवडे झाले, फरक नाही. परवा जोंधळा दळायला नेला तेव्हा गिरणीच्या काट्यावर बाबांना उभं केलं, ५४ किलो भरले. आषाढात त्याच काट्यावर ५९ होते. जेवण तर नेहमीचंच आहे.

ते म्हणतात, सुगी होऊ दे, मग बघू. तोवर थांबलं तर चालेल का? कुठल्या डॉक्टरांकडं न्यायचं? बाबांना कन्नड बाजारापुरतंच येतं, आणि हा विषय तर ते मराठीतही बोलत नाहीत. दुर्बिणीची तपासणी फार दुखते का?

प्रतिसाद

ताई, सुगीपर्यंत थांबू नका. मी बेळगावात दुर्बीण तपासणीच्या विभागात नर्स आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

दिवसातून तीनदा जाणारे आणि आठवड्यातून तीनदा जाणारे, दोघंही निरोगी असू शकतात. बघायचं ते हे की त्या माणसाची स्वतःची सवय बदलली का, आणि तीन आठवड्यांवर तशीच राहिली का. बाबांचं वय, रक्त, उतरलेलं वजन आणि पोट साफ न झाल्याची भावना, हे सगळं एकत्र आलंय. लगेच दाखवायला एवढं पुरे. या त्रासाचं कारण जंतुसंसर्ग, आतड्याची सूज किंवा मुळव्याधही निघेल. पण मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होतो, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप चांगली असते. मुळव्याध असली म्हणून दुसरा आजार नसेल असं होत नाही. नुसत्या रक्ताच्या रंगावरून कुणी ठरवू नये.

सर्जन किंवा पोटविकारतज्ज्ञांकडं न्या. बेळगावचं सरकारी बिम्स रुग्णालय आहेच. आधी बोट घालून तपासतील, हिमोग्लोबिन बघतील. या वयाच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन कारणाशिवाय कमी निघालं तर तेही रक्त आत कुठंतरी जात असल्याचं लक्षण असू शकतं. मग कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठं आतडं आतून बघायची दुर्बिणीची तपासणी. ती साधारण अर्ध्या तासाची, गुंगीचं इंजेक्शन देतात. खरा त्रास आदल्या दिवशीचा: पातळ खायचं, औषधाचं पाणी पिऊन पोट पूर्ण रिकामं करायचं. साखरेच्या, रक्त पातळ करायच्या किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळं होतं. त्या नसताना डांबरासारखं काळं, चिकट झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर आली, तर रात्र असली तरी निघा.

भाषेचं मनावर घेऊ नका. एका कागदावर तारीख, किती वेळा, रक्त होतं का, आणि दोन्ही वजनं लिहून डॉक्टरांपुढं ठेवा. रक्ताला कन्नडमध्येही रक्तच म्हणतात. आधार आणि रेशन कार्ड बरोबर असू द्या. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेची चौकशी तिथंच करा.

धागाकर्ती

खूप आभार. मंगळवारी नेते. कागद आईनं लिहायला घेतलाय, तारखा तिलाच नीट आठवतात. बाबांना वजनाचे दोन्ही आकडे दाखवले. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हशींचं कोण बघणार?" काका येतायत दोन दिवस.