मदत हवी आहे: रहिवाशांना न विचारता स्पीडब्रेकर घातला, आता रस्ता एकेरी करायचं चाललंय

नमस्कार मंडळी,

आमच्या रस्त्यावर महापालिकेने एका रात्रीत स्पीडब्रेकर घातला. सकाळी बघतो तर डांबराचा उंचवटा तयार. ना पांढरे पट्टे, ना अलीकडे पाटी. पहिल्याच आठवड्यात दोन दुचाक्या आडव्या झाल्या.

मी गतिरोधकाच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर प्रतिसादांत 'तुम्हाला पोरांच्या जिवाची पर्वा नाही' सुरू होईल. रस्त्यावर शाळा आहे, उतार आहे, संध्याकाळी गाड्या सुसाट येतात. अडथळा हवाच. पण तो हवा शाळेच्या फाटकापाशी, मुलं रस्ता ओलांडतात तिथे. घातलाय शंभरेक पावलं खाली, एका बंगल्यासमोर. बंगला कोणाचा ते विचारू नका.

शेजारच्या काकांना घेऊन टेप लावला. उंची सोळा सेंटिमीटर, रुंदी मीटरभरही नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी:९९ या मार्गदर्शक सूचनांत गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिली आहे, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी विनात्रास जावी. २०१८ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही आली. आमच्याकडे हळू जाणाऱ्या गाडीचासुद्धा चेंबर घासतो. त्यात पाणी वाहून जावं म्हणून दोन्ही कडांना हातभर फट सोडली आहे. दुचाकीवाले वेग जराही कमी न करता नेमके त्या फटीतून काढतात. फुटपाथ नसल्यामुळे चालणारे लोकही तिथूनच जातात. म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांच्याच अंगावर गाड्या!

क्षेत्रीय कार्यालयात गेलो. कनिष्ठ अभियंता म्हणाले, "नागरिकांची मागणी होती." कोणत्या नागरिकांची? "पत्र आलंय." बघायला मिळेल? "फाइल वर गेलीय." वाहतूक पोलीस म्हणतात आम्ही फक्त अभिप्राय देतो, काम पालिकेचं. चेंडू इकडून तिकडे.

आता कानावर येतंय की हाच रस्ता एकेरी करून एका बाजूला पार्किंग देणार आहेत. मागच्या गल्लीतल्यांना ते हवंय, कारण त्यांच्याकडची वाहतूक कमी होईल. त्यांचंही अगदीच चूक नाही. पण यात आमचं म्हणणं कुठे आणि कधी मांडायचं? हरकती-सूचना मागवाव्याच लागतात का, की साहेबांच्या मनावर असतं? सह्यांच्या निवेदनाला काही वजन असतं का? आणि मुख्य म्हणजे, झालेला गतिरोधक हलवून घेता येतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

आधी माहिती अधिकारात अर्ज टाका. 'स्पीडब्रेकर तिथे का घातला' असं विचारू नका, 'ही माहिती अभिलेखात नाही' असं उत्तर येतं. कागद मागा: मागणीपत्र, स्थळपाहणीचा अहवाल, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, वर्क ऑर्डर आणि एमबीची, म्हणजे कामाच्या मोजमाप पुस्तकाची, पानं. एमबीत ठेकेदाराने किती लांबी-रुंदी-उंचीचं काम केलं ते लिहिलेलं असतं. तुमच्या टेपच्या मापाशी ते जुळलं नाही, तर बोलणं एकदम सोपं होतं. महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे पार्किंगचा विषय त्यात घुसडू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. कारणच हवं असेल तर कलम ४(१)(घ) चा उल्लेख करून वेगळं पत्र द्या. बाधित व्यक्तींना प्रशासकीय निर्णयाची कारणं कळवायची जबाबदारी त्या कलमाने कार्यालयावर टाकली आहे.

प्रतिसाद

कागदावर आपल्याला बराच अधिकार आहे हो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा जास्त वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. आपल्या राज्याच्या कायद्यात त्यांवर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. २००९ मध्ये क्षेत्रसभेचीही, म्हणजे भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद झाली, पण भरलेली क्षेत्रसभा पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. तरी प्रभाग समितीच्या सचिवांना लेखी द्या की हा विषय कार्यपत्रिकेवर घ्या. पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासकट.

निवेदनाचं म्हणाल तर नुसत्या सह्यांना कोणी विचारत नाही. सहीपुढे घर क्रमांक हवा आणि शाळेच्या मुख्याध्यापकांचं वेगळं पत्र हवं. आमच्याकडे शाळेच्या लेटरहेडवर पत्र गेल्यावर अभियंता स्वतः जागा बघायला आले.

प्रतिसाद

'हटवा' लिहू नका. हटवला आणि उद्या तिथे अपघात झाला तर, या धास्तीने कोणी सही करणार नाही. 'प्रमाणित मापाने फाटकापाशी स्थलांतरित करा आणि तोवर पट्टे मारून पाटी लावा' असं लिहा. पट्ट्यांचं काम लगेच होतं. शक्य असेल तर फाटकापाशी उंच, सपाट माथ्याचं पादचारी क्रॉसिंग मागा. मुलं वरून सपाट चालतात आणि गाडीला वेग कमी करावाच लागतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. माहिती अधिकाराचा अर्ज आजच लिहायला घेतो, आणि 'स्थलांतरित' हा सल्ला एकदम पटला. शाळेत उद्या काकाच जातील, त्यांची नात तिथेच शिकते.

एकच गोष्ट अजून अडली आहे. एकेरीसाठी मागची गल्ली स्वतंत्र निवेदन देणार आहे. त्यांच्याशी आधीच बसून, महिनाभर प्रायोगिक एकेरी आणि त्यानंतर दोन्ही बाजूंची सुनावणी, अशी एकत्र मागणी करावी असं वाटतंय. असं संयुक्त निवेदन कोणी दिलंय का? ते पथ विभागाकडे द्यायचं की वाहतूक शाखेच्या उपायुक्तांकडे? मसुदा असेल तर प्लीज इथेच टाका, नावं खोडून चालेल.