बाबांना चित्रं, आईला नर्मदा: तीन दिवस बडोदा की इंदूर?

डोंबिवलीची_लेक

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन तीन रात्रींसाठी बाहेर पडायचं आहे. बडोदा आणि इंदूर यांवर येऊन अडकले आहे.

बाबा ७४ वर्षांचे. शाळेत चौतीस वर्षं चित्रकला शिकवली. रविवर्म्याची सरस्वती आमच्या बैठकीत मी जन्मल्यापासून आहे. जुनं छापील चित्र, बाबांनी स्वतः चौकट करून लावलेलं. मूळ चित्र मात्र त्यांनी आजवर पाहिलेलं नाही. आईचा हट्ट इंदूरजवळच्या महेश्वरचा. अहिल्याबाईंचा घाट पाहायचा आणि नर्मदेत पाय बुडवून बसायचं, एवढंच तिचं मागणं आहे.

बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. पंधरा-वीस पायऱ्या चढतात, मग बसावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी चार दिवसांत तीन गावं आखली होती. शेवटच्या दिवशी बाबा गाडीतून उतरलेच नाहीत, "तुम्ही बघून या" म्हणाले. ते अजून मनात आहे. त्यामुळे या वेळी एकच शहर, एकच हॉटेल आणि दुपारी दोन तास विश्रांती. कुठे जाऊ?

रावपुऱ्यातला

बडोदा. मी इथेच वाढलो, त्यामुळे माझा कल कुणीकडे असणार ते उघड आहे, पण तुमच्या बाबांसाठी तरी मला दुसरं उत्तर सुचत नाही.

तुमच्या बैठकीतली सरस्वती ज्या चित्रावरून छापली, ते आमच्या राजघराण्याच्या संग्रहातलं. १८९६ चं. सयाजीराव महाराजांनी रविवर्म्याला बोलावून घेतलं आणि त्याच्याकडून पुराणातले प्रसंग, देवदेवता, घरातल्या माणसांची चित्रं करून घेतली. ती लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. राजवाड्यासारखी दमवणारी नाही. सोमवार टाळा आणि निघण्याआधी फोन करून संग्रहालय उघडं असल्याची खात्री करून घ्या. पहिल्या दिवशी सकाळी एवढं एकच करा. राजवाडा (१८९० मध्ये पूर्ण झालेला) त्याच दिवशी उरकायचा मोह होईल, तो दुसऱ्या दिवसावर ढकला.

चित्रकलेच्या शिक्षकाला बडोद्यात आणायचं आणि कीर्तिमंदिर दाखवायचं नाही, असं करू नका. गायकवाडांचं हे स्मृतिस्थान. आत चार भिंतींवर नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, महाभारतातलं युद्ध, मीराबाई आणि नटीर पूजा (रवींद्रनाथांचं नाटक). शांतिनिकेतनहून येऊन त्यांनी काही वर्षांत ती पूर्ण केली. मी शाळेत असताना सायकल लावून तिथे जाऊन बसायचो, कारण उन्हाळ्यातही आत गार असायचं. चित्रं कळायला लागली ती फार पुढे.

तांबेकर वाडा माझ्या घराजवळच. दिवाण भाऊ तांबेकरांचा. भिंतीभर मराठी-गुजराती जगण्याची रंगवलेली चित्रं, इंग्रज-मराठे लढाईसुद्धा. पण जिने लाकडी, अरुंद आणि उभे आहेत. बाबांना वर चढवू नका.

संध्याकाळी सूरसागरच्या काठी बसा. जेवायच्या आधी सेव उसळ, सोबत पाव, तर्री बेताची सांगून.

खजुरी_बाजार

मी इंदूरची, लग्न होऊन ठाण्यात. रावपुऱ्यातल्या भाऊंशी मी भांडणार नाही, पण आईंचं मागणं मागे पडायला नको म्हणून लिहिते.

इंदूरहून महेश्वर सुमारे नव्वद किलोमीटर. जाऊन-येऊन चार तास गाडीत, म्हणजे तो पूर्ण दिवस गेला. सकाळी लवकर निघालात तर घाट शांत मिळतो. तिथल्या वाड्यात अहिल्याबाईंची गादी आहे, साधी, पांढरी बैठक. माझी आजी तिथे पोचली की चप्पल काढून आधी उंबऱ्याला हात लावायची. वाड्यातून घाटावर उतरायच्या पायऱ्या मात्र पुष्कळ आहेत. उतरताना एक वेळ जमेल, चढताना बाबांचे हाल होतील.

खाण्याचं सांगायलाच हवं. सराफ्यातली दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्या पायऱ्यांपुढे खाऊगल्ली सुरू होते. भुट्ट्याचा कीस, दहीवडा, आणि थंडीत तळलेलं गराडू (एक कंद), वरून जिरावन मसाला. जानेवारीत गराडू मिळेलच. पण हे सगळं उभ्याने, गर्दीत आणि रात्री. सकाळचे पोहे-जिलबी बसून खाता येतात.

आता बाबांसाठी. चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे आमच्या इंदूरचे. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकले, चित्रकार एम. एफ. हुसेनही त्याच शाळेतले. पुढे हेच बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या कलाविद्यालयात शिकवायला गेले. तेव्हा बाबांना सांगा, बडोद्यात गेलात तरी थोडं इंदूर भेटेलच.

गुडघेवाला

माझ्या वडिलांचा अनुभव: घडीचा हलका स्टूल सोबत न्या. चित्रापुढे पाच मिनिटं बसायला मिळालं तर ते तासभर रमतात. बोरिवलीहून सकाळची गाडी धरली तर जेवायला बडोद्यात पोचता. इंदूरला अवंतिका एक्सप्रेसने अख्खी रात्र जाते आणि वरचा बर्थ आला तर अडचण.

डोंबिवलीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना दोघांना सगळं वाचून दाखवलं. बेंद्र्यांचं नाव आल्यावर बाबा उठून आतल्या खोलीत गेले आणि त्यांची एक जुनी वही घेऊन आले. बेंद्र्यांच्या बैलांची पेन्सिलने केलेली नक्कल होती. मी ती कधीच पाहिली नव्हती.

बडोदा ठरलं. तिकिटं काढली, मंगळवारी जाऊन शुक्रवारी परत. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, महेश्वरला आपण दोघीच जाऊ, पावसाळा सरल्यावर, आणि तिथे दोन रात्री राहू. इंदुरात राहायचंच नाही, थेट महेश्वरला मुक्काम. खजुरी_बाजार, तुम्हाला तेव्हा पुन्हा त्रास देणार आहे.

रावपुऱ्यातला, एकच विचारते: कीर्तिमंदिराला बाहेरून पायऱ्या किती?

रावपुऱ्यातला

मोजलेल्या नाहीत. उद्या सकाळी दूध आणायला जाताना तिकडून वळतो आणि मोजून इथेच लिहितो.